जर्मनीत कर्जावर नवी गाडी घेताना हप्त्याआधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा: "पुण्याहून स्टुटगार्टला येऊन आठ महिने झाले. ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांचा इथे राहून नोकरी करण्याचा परवाना) आहे, त्याची मुदत अजून तीन वर्षं चार महिने. नोकरीचा करार कायमस्वरूपी, प्रोबेत्साइट (नोकरीचा चाचणीकाळ) संपली आहे. हातात महिना ३,५०० युरो येतात. पत्नी सध्या घरी, मुलगी तीन वर्षांची. दोघांकडेही भारतातलं लायसन्स. शोरूमने ३०,००० युरोंच्या नव्या गाडीसाठी प्रस्ताव दिलाय: आता ६,००० भरा, चार वर्षं महिना २७१ युरो, आणि शेवटी १४,००० एकरकमी. हप्ता परवडतो. घ्यावी का?"

मी बरीच वर्षं इथे वाहनकर्जाच्या कामात आहे आणि नव्याने आलेल्या भारतीय कुटुंबांची प्रकरणं सतत हाताळतो. त्या अनुभवावरून सांगतो: हा प्रस्ताव घेऊ नका. गाडी जरूर घ्या, पण थोडं थांबून आणि वेगळ्या पद्धतीने.

सर्वांत तातडीची गोष्ट प्रश्नात नाही, पण तुमच्या तारखांमध्ये दडलेली आहे. तुम्ही दोघंही आज जर्मनीत गाडी चालवू शकत नाही. इथे वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिनेच भारतीय लायसन्स चालतं. आंतरराष्ट्रीय परमिट काढलेलं असलं तरी ही मुदत वाढत नाही. वास्तव्य बारा महिन्यांपेक्षा जास्त नसेल असं पटवून दिलं तर सवलत मिळू शकते, पण कायमस्वरूपी करार असलेल्या माणसाला तो मार्ग नाही. सहा महिन्यांनंतर गाडी चालवणं हा इथे नुसता दंडाचा मामला नाही, तो फौजदारी गुन्हा आहे. अपघात झालाच तर विमा कंपनी समोरच्याचं नुकसान भरून देते, पण तुमच्याकडून ५,००० युरोंपर्यंत वसूल करू शकते. परदेशी माणसासाठी गुन्ह्याची नोंद म्हणजे पुढे व्हिसा आणि नागरिकत्वाच्या प्रत्येक फॉर्मवर उत्तर द्यावं लागणारी गोष्ट. गाडी विकत घ्यायला किंवा नोंदवायला लायसन्स लागत नाही, म्हणून शोरूममध्ये हा विषय निघत नाही. गाडी दारात येते आणि मग कळतं की ती चालवायला घरात कुणी नाही.

ज्या देशांची लायसन्सं परीक्षेविना बदलून मिळतात त्या यादीत भारत नाही. त्यामुळे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतील. एक सवलत मात्र मोठी आहे: नवशिक्याला जे ठरावीक तास फाहरशूलेत म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बसावंच लागतं, ते तुम्हाला सक्तीचे नाहीत. नाव मात्र फाहरशूलेत घालावं लागतं, कारण परीक्षा त्यांच्याच गाडीत आणि त्यांचा प्रशिक्षक शेजारी बसून होते. लायसन्सचं भाषांतर, डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा एक दिवसाचा कोर्स आणि फोटो घेऊन आधी अर्ज करा. अर्ज मंजूर व्हायलाच काही आठवडे जातात. लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते. प्रत्यक्ष परीक्षेत आपली अनुभवी माणसं नापास होतात ती गाडी येत नाही म्हणून नव्हे. लेन बदलताना आणि वळताना मान मागे फिरवून खांद्यावरून बघायचं राहतं, आणि खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं राहतं. पुण्यात पंधरा वर्षं चालवलेल्या माणसालाही चार-पाच तास शिकवणी घ्या असंच मी सांगतो. परीक्षा ऑटोमॅटिकवर दिली तर लायसन्स ऑटोमॅटिकपुरतंच मिळू शकतं, म्हणून गाडी कुठली घ्यायची ते ठरवण्याआधी हेही फाहरशूलेत विचारून घ्या.

आता कर्जाकडे वळू. प्रस्तावातला व्याजदर तुम्ही लिहिलेला नाही, पण आकडे मांडले तर तो वर्षाला साधारण ३.९९ टक्के निघतो. दर वाईट नाही. अडचण रचनेत आहे. २४,००० च्या कर्जातले १४,००० शेवटच्या दिवशी ढकलले की हप्ता आपोआप लहान दिसतो. याला इथे श्लुसराटे म्हणतात. तेच २४,००० त्याच दराने चार वर्षांत पूर्ण फेडायचे तर हप्ता ५४१ युरो येईल. पूर्ण फेडीच्या कर्जात एकूण व्याज साधारण १,९७० युरो जातं, श्लुसराटेच्या कर्जात ३,०१५. जास्तीचे हजारभर युरो हे हप्ता निम्मा दिसण्याचं मोल.

पण हजार युरोंसाठी मी "घेऊ नका" म्हटलं नसतं. मला काळजी आहे ती तारखांची. तुमचं ब्लू कार्ड चाळीस महिन्यांनी संपतं आणि १४,००० भरायचे आहेत अठ्ठेचाळिसाव्या महिन्यात. तेव्हा एवढी रक्कम हाताशी नसली तर तिच्यासाठी नवं कर्ज काढावं लागेल. नवं कर्ज म्हणजे नव्याने छाननी, त्या वेळचा दर, त्या वेळची नोकरी. त्या सुमारास ब्लू कार्डचं नूतनीकरण परदेशी नागरिक कार्यालयात अडकलेलं असेल आणि हातात फक्त फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंगचा, म्हणजे निर्णय होईपर्यंतच्या तात्पुरत्या परवानगीचा, कागद असेल, तर बऱ्याच बँका त्यावर कर्ज देत नाहीत. मोठ्या शहरांतल्या या कार्यालयांत किती वेळ लागतो हे इथे राहणाऱ्या कुणालाही विचारा. ज्यांचं सगळं सुरळीत चाललंय अशी माणसंही नेमक्या त्या दोन-तीन महिन्यांत अडचणीत येतात.

म्हणून परदेशी माणसाला मी नेहमी एकच प्रश्न विचारायला सांगतो: "दोन वर्षांनी मला हा देश सोडावा लागला, तर या गाडीचं आणि कर्जाचं काय होईल?" नोकरी गेली, भारतात आईवडिलांची तब्येत बिघडली, कंपनीने दुसऱ्या देशात पाठवलं, कारण काहीही असो. जर्मन शेजाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याचा पत्ता बदलला तरी देश बदलत नाही. आपला बदलू शकतो. त्यामुळे त्याच्यासाठी चांगला असलेला प्रस्ताव आपल्यासाठी चांगला असेलच असं नाही.

तुमच्याच आकड्यांवर हे करून बघू. दोन वर्षांनी गाडी विकायला काढली आणि घाईत शोरूमकडून १८,००० मिळाले असं धरा. तीस हजारांच्या गाडीला दोन वर्षांनी साठ टक्के हे काही फार निराशेचं गृहीतक नाही. श्लुसराटेच्या कर्जात तेव्हा १९,१९५ युरो देणं बाकी असेल. म्हणजे गाडी विकूनही खिशातून बाराशे भरावे लागतील, वर मुदतपूर्व फेडीचं शुल्क वेगळं. सुरुवातीचे ६,००० आणि चोवीस हप्ते, सगळं वापरून संपलेलं. तेच पूर्ण फेडीचं कर्ज असतं तर बाकी १२,४७० असती आणि गाडी विकून साडेपाच हजार हातात घेऊन तुम्ही विमानात बसला असता. अर्थात दरम्यान तुम्ही हप्तेही जास्त भरलेले असतात, पैसा काही आकाशातून पडत नाही. फरक एवढाच की एका कर्जात गाडी कधीही विकून मोकळं होता येतं आणि दुसऱ्यात सामान बांधायच्या वेळी अंगावर देणं उभं राहतं.

मुदतपूर्व फेडीच्या शुल्काला मात्र घाबरू नका. ग्राहककर्जावर जर्मन कायद्याने त्याला मर्यादा घातली आहे: कर्जाची मुदत वर्षाहून जास्त उरली असेल तर फेडलेल्या रकमेच्या जास्तीत जास्त १ टक्का, वर्षभर किंवा कमी उरली असेल तर ०.५ टक्का. बऱ्याच बँका तेही घेत नाहीत. करारात "झोंडरटिल्गुंग" म्हणजे मधेच जादा रक्कम भरण्याची मुभा आहे का, ते वाचा.

तुमच्या प्रस्तावात शेवटी गाडी परत देण्याचा लेखी हक्क आहे का? असेल तर चित्र थोडं बदलतं, कारण १४,००० न भरता ठरलेल्या किमतीला गाडी विक्रेत्याला परत करता येते. पण त्यासाठी किलोमीटरची मर्यादा आणि गाडीची अवस्था या अटी असतात. आणि हा हक्क अठ्ठेचाळिसाव्या महिन्यात मिळतो, चोविसाव्यात नाही. विक्रेता तोंडी "तेव्हा बघून घेऊ, आम्ही परत घेऊच" म्हणाला असेल तर ते करारात नाही असंच समजा.

दुसरा मार्ग म्हणजे कर्ज शोरूममधून न घेता स्वतः बँकेतून घेणं. इथल्या शोरूम बहुधा गाडी बनवणाऱ्या कंपनीच्याच बँकेचं कर्ज देतात. फोक्सवॅगन, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, टोयोटा, सगळ्यांच्या स्वतःच्या बँका आहेत. आकर्षक दर देताना किमतीतली सूट बऱ्याचदा हात आखडून दिली जाते. म्हणून विक्रेत्याला सरळ विचारा: "कर्ज मी बघतो, पूर्ण रक्कम एकदम देणाऱ्याला शेवटचा भाव काय?" समजा ३०,००० ची गाडी २७,५०० ला मिळाली. ६,००० तुमचे, उरलेल्या २१,५०० वर बँकेने ६.४९ टक्के दर लावला. ऐकायला महाग वाटतं. पण चार वर्षांचा हप्ता ५०८ युरो येतो आणि एकूण फेड २४,३८० च्या आसपास. शोरूमच्या ३.९९ टक्क्यांवर पूर्ण फेडीची रक्कम २५,९७० होती. दर जास्त असूनही जवळपास सोळाशे युरो वाचले. नुसता व्याजदर बघून निर्णय घेणाऱ्याला हे दिसतच नाही.

बँकेच्या साध्या कर्जाचा आणखी एक फायदा आहे, आणि आपल्यासाठी तो सोळाशे युरोंपेक्षा मोठा आहे. वाहनाचे दोन कागद असतात. एक गाडीत ठेवायचा फारत्सॉइगशाइन, दुसरा गाडी विकताना लागणारा फारत्सॉइगब्रीफ. शोरूमच्या बँकेचं कर्ज असेल तर दुसरा कागद फेड होईपर्यंत बँकेच्या ताब्यात राहतो. तो नसताना गाडी विकणं खटाटोपाचं होतं: किती देणं बाकी आहे त्याचं पत्र बँकेकडून मागवा, ग्राहकाने बँकेला पैसे द्यायचे, मग कागद येणार. खासगी ग्राहक अशा व्यवहाराला बिचकतो, त्यामुळे शेवटी गाडी शोरूमलाच कमी भावात जाते. साध्या हप्तेकर्जात बऱ्याच बँका हा कागद मागत नाहीत, तो तुमच्या कपाटात राहतो. घेण्याआधी मात्र विचारून घ्या, कारण "वाहनकर्ज" या नावाने कमी दराने दिलेल्या कर्जात काही बँका तो मागतात.

लीझिंगबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विक्रेता उद्या तेही पुढे करेल. महिन्याचा आकडा आणखी लहान असतो. ज्याचं परतणं अनिश्चित आहे त्याला मी लीझिंग सुचवत नाही. ठरलेल्या मुदतीआधी ते सहसा मोडता येत नाही आणि देश सोडणं हे मोडण्याचं कारण धरलं जात नाही. दुसऱ्या कुणाला करार देता येतो, पण त्याला कंपनीची संमती आणि त्या माणसाची छाननी लागते. परत देताना ओरखडे, पोचे, जास्तीचे किलोमीटर यांचं बिल येतं. मुदत नक्की माहीत असेल, म्हणजे कंपनीने दोन वर्षांसाठीच पाठवलं असेल, तर चोवीस महिन्यांचं किलोमीटर-लीझिंग सोयीचं पडू शकतं. तुमची परिस्थिती ती नाही. पहिल्या वर्षात गाडीची गरज किती आहे तेच कळत नसेल, तर ऑटो-आबो म्हणजे मासिक वर्गणीवर मिळणारी गाडी बघा. मासिक रकमेत विमा, कर, देखभाल सगळं येतं. महाग पडतं, पण थोड्या महिन्यांत सोडता येतं.

आता तुमच्या अर्जाकडे बँक कशी बघेल. भारतातला सिबिल स्कोअर इथे कुणी विचारत नाही. इथे शुफा बघतात, म्हणजे लोकांच्या कर्जव्यवहारांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडची तुमची नोंद. आठ महिन्यांत तुमच्या नावावर एक बँक खातं, एखादा मोबाइलचा करार, कदाचित एक क्रेडिट कार्ड एवढीच नोंद असेल. ही नोंद वाईट नसते, पातळ असते. पातळ नोंदीवर संगणक कधी नाही म्हणतो, कधी दर चढवतो. जाहिरातीतला सर्वांत कमी दर तुम्हाला मिळेलच असं नाही. म्हणून जाहिरातीत खाली बारीक अक्षरात छापलेलं उदाहरण वाचा: किमान दोन तृतीयांश ग्राहकांना तो दर किंवा त्याहून कमी मिळेल असा अंदाज बांधूनच ते द्यावं लागतं. तुमचा आकडा त्याच्या आसपास येण्याची शक्यता जास्त.

इथे आपल्या मराठी नावांचा एक खास प्रश्न आहे आणि तो मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. पासपोर्टात आपलं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं. आनमेल्डुंग म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंदणी करताना कार्यालय दोन्ही नावं पहिलं नाव म्हणून नोंदवतं. बँकेत खातं उघडताना आपण फक्त स्वतःचं नाव आणि आडनाव लिहितो. मोबाइल कंपनीत तिसराच प्रकार. मग पत्ता बदलला की शुफामध्ये एकाच माणसाच्या दोन अर्धवट नोंदी होऊ शकतात, आणि बँकेला त्यातली पातळ दिसते. लग्नानंतर ज्यांचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललंय अशा स्त्रियांच्या बाबतीत हे आणखी गुंतागुंतीचं. उपाय सोपा आहे. युरोपच्या डेटा संरक्षण कायद्याखाली शुफाकडून स्वतःच्या नोंदीची प्रत फुकट मिळते. ती आजच मागवा. पैसे घेऊन दिला जाणारा दाखला वेगळा, तो घरमालकाला दाखवायला असतो, तुम्हाला तो नको. नाव, जन्मतारीख, जुने-नवे पत्ते तपासा, चूक असेल तर दुरुस्ती मागा. आणि यापुढे इथल्या प्रत्येक कागदावर एकच नाव, पासपोर्टात आहे तसं.

दर विचारताना एक काळजी घ्या. बँक शुफाकडे दोन प्रकारे चौकशी करते. नुसत्या अटी विचारण्यासाठीची चौकशी तुमच्या नोंदीवर परिणाम करत नाही. कर्जासाठीची चौकशी इतर बँकांना दिसते आणि अशा चार-पाच एकामागोमाग आल्या तर सगळीकडून नकार घेत फिरणारा माणूस अशी छाप पडते. आपण सवयीने तीन शोरूम आणि चार बँका फिरतो. प्रत्येक ठिकाणी आधी सांगा की मला फक्त अटींची चौकशी हवी आहे.

बँक शेवटच्या तीन पगारपत्रकांकडे, करार कायमस्वरूपी आहे का याकडे, प्रोबेत्साइट संपली का याकडे आणि राहण्याच्या परवान्याकडे बघते. कर्ज परवान्याच्या मुदतीच्या आत संपावं असा अनेक बँकांचा आग्रह असतो. तुमच्या बाबतीत म्हणजे छत्तीस महिने. ब्लू कार्डवाल्यांना सत्तावीस महिन्यांनी, आणि जर्मन बी-१ पातळीची असेल तर एकवीस महिन्यांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. तुमचे आठ झाले. जर्मनचा वर्ग नेटाने केलात तर आणखी तेरा महिन्यांनी तुम्ही त्या रांगेत असाल, आणि तो परवाना हातात आल्यावर बँकेच्या टेबलासमोर तुमचं स्थान पूर्ण वेगळं असेल.

कर्जासोबत "नोकरी गेली, आजारपण आलं तर हप्ते आम्ही भरू" असा विमा गळ्यात घालायचा प्रयत्न होतो. जानेवारी २०२५ पासून तो कर्जाच्या सहीबरोबर विकता येत नाही, कर्जाचा करार झाल्यावर किमान आठवडा जावा लागतो. तो आठवडा वापरा आणि अटी वाचा. त्याचा हप्ता महाग असतो, अपवाद भरपूर असतात, आणि आपण ज्या प्रसंगाला घाबरतो, म्हणजे देश सोडण्याला, त्यात तो उपयोगी पडत नाही. मी कुणालाच तो घ्यायला सांगितलेलं नाही.

गाडीच्या विम्याचा खर्च मात्र नव्याने आलेल्या माणसाला खरोखर हादरवतो. हाफ्टफ्लिश्ट म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा विमा सक्तीचा. फोलकास्को म्हणजे स्वतःच्या गाडीसह पूर्ण विमा कायद्याने ऐच्छिक असला तरी शोरूमची बँक आणि लीझिंग कंपन्या तो सहसा मागतात. विनाअपघात वर्षांप्रमाणे दर्जा मिळतो आणि तुमची सुरुवात अगदी तळापासून होईल. भारतातला नो क्लेम बोनस दाखवून बघा, पण अपेक्षा माफक ठेवा: आपल्याकडची सवलत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर असते, तर इथे समोरच्याच्या नुकसानीचा विमा आणि फोलकास्को यांची वर्षं वेगवेगळी मोजतात. काही कंपन्या परदेशातली विनाअपघात वर्षं धरतात, बऱ्याच धरत नाहीत. नव्या गाडीचा फोलकास्को पहिल्या वर्षी दीड-दोन हजार युरोंपर्यंत जाणं अगदी शक्य आहे. गाडीचं मॉडेल पक्कं करण्याआधी विम्याचा भाव काढा. एकाच किमतीच्या दोन मॉडेलांत मोठा फरक निघतो, कारण प्रत्येक मॉडेलचा आणि प्रत्येक जिल्ह्याचा वर्ग ठरलेला असतो. दुसरं वर्ष सुरू होताना कंपनी बदलायची असेल तर साधारणपणे ३० नोव्हेंबरच्या आत नोटीस पोचली पाहिजे. आणि चालकांच्या नावांत पत्नीचं नाव तिला इथलं लायसन्स मिळाल्यावर लगेच घाला.

हप्त्याच्या वर विमा, इंधन, कर, हिवाळी टायरचा दुसरा संच, सर्व्हिस आणि स्टुटगार्टमधल्या गॅरेजचं भाडं मिळून महिना तीनशे ते साडेतीनशे युरो बाजूला धरा. तुम्ही फक्त २७१ चा आकडा पगाराशेजारी ठेवलाय. खरा आकडा सहाशेच्या घरात आहे, आणि चौथ्या वर्षाच्या शेवटी १४,०००.

सहीबद्दल एक इशारा. पुण्यात आपण टोकन देऊन गाडी बुक करतो आणि मन बदललं की थोड्या कटकटीने पैसे परत मिळतात. इथे बेस्टेलुंगच्या कागदावर सही म्हणजे बांधील मागणी. ती मोडली तर नव्या गाडीच्या नेहमीच्या अटींनुसार किमतीच्या १५ टक्के भरपाई मागितली जाऊ शकते, म्हणजे तुमच्या गाडीवर ४,५०० युरो. शोरूममध्ये जाऊन केलेल्या खरेदीला "चौदा दिवसांत परत" हा हक्क नाही. कर्ज शोरूममार्फतच घेतलं असेल तर कर्जाचा करार चौदा दिवसांत मागे घेता येतो आणि त्याबरोबर खरेदीही मागे जाते. पण त्या भरवशावर सही करू नका. स्वतः बँकेतून कर्ज काढणार असाल तर बँकेची लेखी मंजुरी आधी, बेस्टेलुंग नंतर. किमतीत युबरफ्यूरुंग म्हणजे कारखान्यातून गाडी आणण्याचा खर्च धरलाय का तेही बघा. तो बऱ्याचदा वेगळा असतो आणि हजार युरोंच्या आसपास जातो.

मग तुम्ही काय करावं? पुढचे तीन-चार महिने दोघांनी लायसन्सवर घाला. तोवर डॉइचलांडटिकेट म्हणजे देशभरच्या स्थानिक बस-रेल्वेचा मासिक पास आहेच, २०२३ मध्ये ते ४९ युरोंत सुरू झालं, जानेवारी २०२६ पासून ६३ युरो आहे, तरी गाडीच्या खर्चापुढे काहीच नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात वीस हजारांच्या आसपासची गाडी शोधा: लहान नवी, किंवा तागेसत्सुलासुंग म्हणजे शोरूमने एक दिवसासाठी स्वतःच्या नावे नोंदवलेली. दुसऱ्या प्रकारात गाडी प्रत्यक्षात कोरी असते, किंमत मात्र बरीच खाली येते, फक्त वॉरंटी पहिल्या नोंदणीपासून मोजली जाते. ६,००० तुमचे आणि १४,००० चं छत्तीस महिन्यांचं साधं बँककर्ज. ६.४९ टक्के धरला तरी हप्ता ४२८ युरो. परवान्याच्या आत कर्ज संपतं, कागद तुमच्याकडे राहतो, आणि कुठल्याही महिन्यात गाडी विकली तर हातात काहीतरी उरण्याची शक्यता चांगली.

४२८ आणि वरचे साडेतीनशे हे तुमच्या घरभाड्यानंतर जड वाटत असतील, तर गाडी त्याहून लहान घ्या. मुदत वाढवून हप्ता लहान करू नका. मुलीची खुर्ची मात्र चांगली घ्या, तिथे काटकसर नको. बारा वर्षांची किंवा दीड मीटर उंच होईपर्यंत ती कायद्याने लागतेच.

नोंदणीच्या दिवशी ई-फाऊ-बे क्रमांक (विमा असल्याचा पुरावा, तो विमा कंपनी देते), पासपोर्ट आणि त्यासोबत मेल्डेबेशाइनिगुंग (पत्त्याच्या नोंदणीचा दाखला), गाडीचे कागद आणि वाहनकरासाठी बँक खात्याचं अधिकारपत्र लागतं. वाहनकर सीमाशुल्क खातं थेट खात्यातून काढतं. शोरूम शंभर-दोनशे युरोंत हे काम करून देते, पण स्वतः केलं तर तेवढे वाचतात.

आणि देश सोडायची वेळ आलीच तर क्रम असा ठेवा. निघण्याच्या दोन-तीन महिने आधी बँकेकडून बाकीचा लेखी आकडा मागवा आणि गाडी खासगी ग्राहकाला विकायचा प्रयत्न करा, शोरूमचा भाव शेवटचा पर्याय म्हणून ठेवा. गाडी भारतात न्यायचा विचार करू नका, डाव्या स्टिअरिंगची वापरलेली गाडी तिथे आयात करता येत नाही. कर्ज फिटलं नसेल आणि तुम्ही निघून गेलात तर ते मिटत नाही. व्याज आणि वसुलीचा खर्च चढत राहतो, शुफातली नोंद बिघडते, आणि उद्या पुन्हा जर्मनीत यायचं ठरलं तर तिथूनच सुरुवात होते. गाडीची नोंदणी रद्द झाली की उरलेल्या दिवसांचा वाहनकर आणि विम्याचा हप्ता परत येतो. दोन्ही रकमा जर्मन खात्यात जमा होतात, म्हणून खातं त्यानंतरच बंद करा.